रिअल-टाइम स्ट्रॅटेजी खेळांतील संसाधन व्यवस्था

रिअल-टाइम स्ट्रॅटेजी खेळांतील संसाधन व्यवस्था म्हणजे या प्रकारच्या संगणकीय खेळांमध्ये सोने, लाकूड, अन्न, खनिजे, ऊर्जा इत्यादी काल्पनिक साधने मिळवणे, साठवणे आणि खर्च करणे यांसंबंधीच्या नियमांचा समुच्चय होय. या साधनांच्या बळावर खेळाडू इमारती उभारतो, सैन्य तयार करतो आणि नवी तंत्रे हस्तगत करतो. या खेळांत पाळीपाळीने चाल करण्याची पद्धत नसते. सर्व खेळाडूंचे व्यवहार एकाच वेळी, अखंड चालू असतात. त्यामुळे साधन किती आहे यापेक्षा ते किती लवकर हाती आले आणि किती लवकर उपयोगात आणले, यावर जय-पराजय ठरतो.

बुद्धिबळात दोन्ही पक्षांचे सैन्य पहिल्या चालीपूर्वीच पटावर मांडलेले असते आणि पुढे ते बहुतांशी घटतच जाते. रिअल-टाइम स्ट्रॅटेजी खेळात याउलट खेळाडू मूठभर कामगार आणि एखादी इमारत घेऊन आरंभ करतो. सैन्य कोणते, किती आणि केव्हा उभे राहील हे त्याच्या अर्थव्यवस्थेवर अवलंबून असते. म्हणूनच या खेळांच्या रचनेत संसाधन व्यवस्थेला पायाचे स्थान आहे.

## इतिहास

१९८९ साली टेक्नोसॉफ्ट या जपानी कंपनीने प्रसिद्ध केलेल्या ‘हर्झोग झ्वाय’ या खेळात ताब्यातील तळांमुळे खेळाडूला कालांतराने पैसा मिळत असे व त्यातून सैन्य विकत घेता येत असे. तथापि, या प्रकाराला पुढे जे रूढ स्वरूप लाभले ते वेस्टवूड स्टुडिओज या अमेरिकी कंपनीच्या ‘ड्यून २’ (१९९२) या खेळामुळे. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ सालच्या ‘ड्यून’ कादंबरीच्या विश्वावर आधारलेल्या या खेळात वाळवंटात पसरलेला ‘स्पाइस’ नावाचा पदार्थ यंत्रवाहनाने गोळा करून शुद्धीकरण कारखान्यात आणला जाई आणि तेथे त्याचे चलनात रूपांतर होई. साठवणुकीला मर्यादा असल्याने कोठारे बांधावी लागत. वाळूतील महाकाय कृमी हे वाहन गिळंकृत करीत. साधन गोळा करणारे वाहन उघड्यावर फिरते आणि म्हणून त्याचे रक्षण करावे लागते, हे सूत्र येथे प्रथम ठळकपणे मांडले गेले.

ब्लिझर्ड एन्टरटेनमेंटच्या ‘वॉरक्राफ्ट’ (१९९४) या खेळाने सोने आणि लाकूड अशी दोन साधने आणली. सोने खाणीतून, तर लाकूड जंगलतोडीतून मिळे. तोडलेले झाड नकाशावरून नाहीसे होत असल्याने लाकूड गोळा करताना नव्या वाटाही मोकळ्या होत. पुढील वर्षीच्या ‘वॉरक्राफ्ट २’ मध्ये समुद्रातून काढावयाच्या तेलाची भर पडली. त्याच वर्षी, १९९५ मध्ये, वेस्टवूडचा ‘कमांड अँड कॉंकर’ आला. त्यातील ‘टायबेरियम’ हे साधन जमिनीवर हळूहळू पसरत जाई आणि त्यातून चालणाऱ्या पायदळाला इजा करी.

१९९७ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. एन्सेंबल स्टुडिओजच्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ने अन्न, लाकूड, सोने व दगड अशी चार साधने वापरली, तर केव्हडॉग एन्टरटेनमेंटच्या ‘टोटल ॲनिहिलेशन’ने धातू आणि ऊर्जा यांचा अखंड ओघ ही वेगळीच कल्पना पुढे आणली. १९९८ सालच्या ‘स्टारक्राफ्ट’ने खनिज व वायू या दोनच साधनांवर तीन परस्परभिन्न जमातींची अर्थव्यवस्था उभी केली. हा खेळ दक्षिण कोरियात व्यावसायिक पातळीवर खेळला जाऊ लागला आणि त्याच्या स्पर्धा तेथील दूरचित्रवाणीवरून प्रसारित होऊ लागल्या.

पुढच्या दशकात काही खेळांनी कामगारांकरवी साधने गोळा करण्याची पद्धत सोडून दिली. रेलिक एन्टरटेनमेंटच्या ‘डॉन ऑफ वॉर’ (२००४) व ‘कंपनी ऑफ हीरोज’ (२००६) या खेळांत नकाशावरील प्रदेश ताब्यात घेणे हेच उत्पन्नाचे प्रमुख साधन झाले. ‘वर्ल्ड इन कॉन्फ्लिक्ट’ (२००७) या खेळात तर खेळाडूला ठरावीक गुण दिले जातात. त्यांतून तो सैन्य मागवतो आणि सैन्य नष्ट झाले की ते गुण हळूहळू परत मिळतात.

## व्यवस्थेचे घटक

### स्रोत

स्रोत मर्यादित, पुनर्निर्माणक्षम किंवा अक्षय असू शकतो. ‘स्टारक्राफ्ट’मधील खनिजांचे ढिगारे ठरावीक प्रमाणानंतर संपतात. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९) मध्ये शेतातील अन्न संपले की लाकूड खर्चून शेत पुन्हा लावता येते. ‘राइज ऑफ नेशन्स’ (२००३) मध्ये स्रोत संपतच नाहीत. तेथे प्रत्येक साधनाच्या आवकेच्या वेगावर कमाल मर्यादा असते आणि संशोधन करून ती वाढवावी लागते.

ही निवड खेळाचा कालावधी ठरवते. मर्यादित स्रोत म्हणजे एक प्रकारचे घड्याळच होय. जवळची खाण संपत आली की खेळाडूला सुरक्षित तळ सोडून बाहेर पडावे लागते आणि संघर्ष अटळ होतो. स्रोत अक्षय असल्यास बाहेर पडण्याची ही सक्ती उरत नाही, त्यामुळे संघर्ष घडवून आणण्यासाठी प्रदेशाचा ताबा किंवा विजयाच्या अन्य अटी योजाव्या लागतात.

### वाहतूक

बहुतेक खेळांत कामगार स्रोतापाशी जातो, ठरावीक भार उचलतो आणि तो गोदामात आणून टाकतो. या फेरीचा कालावधी उत्पन्नाचा वेग ठरवतो. समजा, १० एकक साधन भरण्यास २० सेकंद लागतात आणि गोदामापर्यंत एका दिशेने चालण्यास १० सेकंद लागतात. तेव्हा एक फेरी ४० सेकंदांची होते आणि मिनिटाला १५ एकक मिळतात. गोदाम जवळ बांधून चालण्याचा वेळ २ सेकंदांवर आणल्यास फेरी २४ सेकंदांची होते व मिनिटाला २५ एकक मिळू लागतात. कामगारांची संख्या न वाढवताही उत्पन्न दीडपटीहून अधिक होते. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये लाकूडतोड छावणी, खाण छावणी व गिरणी या इमारतींचे प्रयोजन हेच आहे. जंगल तुटत जाऊन मागे सरकले की छावणीही पुढे न्यावी लागते.

वाहतुकीचे दुसरे महत्त्व लष्करी आहे. साधन वाहणारा कामगार हा शत्रूचे सहज लक्ष्य असतो. त्यामुळे शत्रूचे सैन्य न हरवताही त्याची अर्थव्यवस्था खिळखिळी करता येते. या मालिकेतील ‘एज ऑफ एम्पायर्स ३’ (२००५) या खेळात साधन गोदामात आणून टाकण्याचा टप्पाच वगळला गेला. त्यामुळे खेळाडूची गोदामे हलवण्याची दगदग वाचली, परंतु गोदामाची जागा निवडण्यातील कौशल्यालाही वाव उरला नाही.

### साठा आणि ओघ

खर्चाच्या दोन मुख्य पद्धती आढळतात. पहिल्या पद्धतीत वस्तूची पूर्ण किंमत आरंभीच वजा होते. पुरेसा साठा नसल्यास काम सुरूच होत नाही. ‘वॉरक्राफ्ट’, ‘स्टारक्राफ्ट’ व ‘एज ऑफ एम्पायर्स’ या मालिका या वर्गात येतात. दुसऱ्या पद्धतीत काम चालू असताना किंमत थोडी थोडी वजा होत जाते. ‘कमांड अँड कॉंकर’मध्ये बांधकाम सुरू झाल्यावर पैसे संपले तर ते काम थांबते आणि पैसे आल्यावर पुढे सरकते.

‘टोटल ॲनिहिलेशन’ व त्याचे रचनाकार ख्रिस टेलर यांचाच ‘सुप्रीम कमांडर’ (२००७) यांत हे तत्त्व पूर्णत्वास नेले आहे. धातू व ऊर्जा प्रत्येक क्षणी जमा होतात आणि प्रत्येक क्षणी खर्च होतात. कोठार भरल्यानंतरची आवक वाया जाते, तर खर्च आवकेपेक्षा वाढल्यास सर्वच बांधकामे मंदावतात. पहिल्या पद्धतीत ‘आता काय घ्यावे’ हा प्रश्न असतो. दुसऱ्या पद्धतीत ‘खर्चाचा वेग किती ठेवावा’ हा प्रश्न असतो.

### मर्यादा

साधनांव्यतिरिक्त सैन्यसंख्येवरही मर्यादा घातली जाते. ‘स्टारक्राफ्ट’मध्ये ही कमाल मर्यादा २०० आहे आणि तिथवर पोहोचण्यासाठी रसद पुरवणारी साधने उभारावी लागतात. ही रसदही जमातीनुसार वेगळी असते. मानवांना त्यासाठी कोठार बांधावे लागते. प्रोटॉस जमातीचा स्तंभ रसदीबरोबरच आसपासच्या इमारतींना शक्ती पुरवतो, तर झर्ग जमातीची रसद म्हणजे आकाशात तरंगणारा सजीव प्राणी असतो. त्याचा टेहळणीसाठीही उपयोग होतो आणि तो मारलाही जाऊ शकतो.

## रचनेतील प्रमुख प्रश्न

### गुंतवणूक की सैन्य

संसाधन व्यवस्थेच्या मुळाशी एक साधा पेच असतो. हाती आलेले साधन पुढील उत्पन्नासाठी गुंतवावे की तात्काळ सैन्यावर खर्च करावे? पुढील काल्पनिक उदाहरणावरून तो स्पष्ट होईल.

दोन खेळाडूंची स्थिती समान असून दोघांकडेही ५०० एकक शिल्लक आहेत. एका कामगाराची किंमत ५० एकक असून तो मिनिटाला ५० एकक मिळवून देतो. एका सैनिकाची किंमत १०० एकक आहे. पहिला खेळाडू सर्व रक्कम १० कामगारांवर खर्च करतो व दर १२ सेकंदांनी एक याप्रमाणे ते तयार होतात. दुसरा खेळाडू लगेच ५ सैनिक तयार करतो. दोघांची मूळ आवक सारखीच असल्याने ती बाजूला ठेवू.

* १ मिनिटानंतर पहिल्याला नव्या कामगारांकडून १०० एकक मिळालेले असतात, म्हणजे एका सैनिकापुरते. दुसऱ्याकडे ५ सैनिक आहेत.
* २ मिनिटांनंतर पहिल्याची वाढीव मिळकत ४५० एकक होते. सुमारे २ मिनिटे ६ सेकंदांनी त्याचे ५०० एकक वसूल होतात.
* ४ मिनिटांनंतर त्याची वाढीव मिळकत १,४५० एकक असते. ती १४ सैनिकांना पुरते. दुसऱ्याकडे त्या ५०० एककांचे अजूनही ५ सैनिकच आहेत.

यावरून दिसते की, पहिल्या दोन मिनिटांत हल्ला झाला तर गुंतवणूक करणारा हरण्याचा संभव आहे. तो काळ निभावला गेला तर सैन्यावर खर्च करणारा मागे पडतो. गुंतवणूक आणि परतावा यांच्यामधली ही धोक्याची खिडकी किती रुंद असावी, हे रचनाकाराला किंमती, निर्मितीचा काळ आणि दोन तळांमधील अंतर यांच्या साह्याने ठरवावे लागते. दोन तळांमधील अंतर चालून जाण्यास सव्वादोन मिनिटे लागत असतील, तर वरील उदाहरणातील लवकरचा हल्ला निरर्थक ठरतो. ते अंतर अर्ध्या मिनिटाचे असेल तर गुंतवणूकच अशक्यप्राय होते.

यातूनच तीन प्रमुख धोरणे जन्म घेतात. विस्तार करणारा खेळाडू बचाव करणाऱ्यावर मात करतो, कारण बचावावरचा खर्च उत्पन्न देत नाही. बचाव करणारा लवकर हल्ला करणाऱ्याला थोपवतो आणि लवकर हल्ला करणारा विस्तार करणाऱ्याला गाठतो. या त्रिकोणाची एखादी बाजू निकामी झाली तर सर्व खेळाडू एकाच धोरणाकडे वळतात व खेळातील वैविध्य नष्ट होते. प्रतिस्पर्धी यांपैकी काय करीत आहे हे ओळखण्यासाठी टेहळणी आवश्यक ठरते. संसाधन व्यवस्था अशा रीतीने माहितीलाही मोल प्राप्त करून देते.

‘स्टारक्राफ्ट’मधील झर्ग जमातीत हा पेच अधिक तीव्र केला आहे. तेथे इमारत बांधणारा कामगार स्वतःच त्या इमारतीत रूपांतरित होतो व कायमचा गमावला जातो. त्यामुळे इमारतीच्या छापील किमतीत कामगाराची किंमत आणि त्याची भावी मिळकतही मिळवावी लागते.

### साधनांची संख्या आणि त्यांतील भेद

केवळ नाव वेगळे असल्याने साधन वेगळे ठरत नाही. दोन साधने सारख्याच रीतीने मिळत असतील आणि सारख्याच कामी येत असतील तर खेळाडूला एकच हिशेब दोनदा करावा लागतो. साधन मिळवण्याची रीत, त्याची दुर्मीळता आणि त्याचा उपयोग यांपैकी निदान एका बाबतीत भेद असावा लागतो.

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हे याचे उत्तम उदाहरण होय. त्यातील चारही साधनांचा स्वभाव निराळा आहे. अन्न कामगार निर्माण करण्यास व पुढील युगात जाण्यास लागते. एका कामगाराची किंमत ५० अन्न आहे, तर दुसऱ्या युगात जाण्यास ५०० अन्न लागते. म्हणजेच युग बदलणे म्हणजे १० कामगारांवर पाणी सोडणे होय. लाकूड विपुल असते, पण शेती, घरे, जहाजे व बहुतेक इमारती त्यावरच अवलंबून असतात. दगड प्रामुख्याने बचावासाठी आहे. एका किल्ल्यास ६५० दगड लागतात. सोने बलाढ्य सैन्यासाठी लागते आणि नकाशावरील त्याच्या खाणी संपणाऱ्या असतात.

दीर्घकाळ चाललेल्या सामन्यात सोने संपले की भालाईत, हलके घोडदळ यांसारखे केवळ अन्न-लाकडावर उभे राहणारे सैन्य महत्त्वाचे ठरते. सोन्याचे अन्य मार्गही आहेत. मित्रपक्षाच्या बाजारपेठेशी व्यापार करणे हा त्यांतला एक, आणि पवित्र अवशेष मठात आणून ठेवणे हा दुसरा. बाजारपेठेत साधनांची अदलाबदलही करता येते, मात्र ती तोट्याची असते. आरंभी १०० अन्न विकून ७० सोने मिळते, तर तेवढेच अन्न विकत घेण्यास १३० सोने लागते. शिवाय प्रत्येक विक्रीने भाव उतरतो आणि प्रत्येक खरेदीने चढतो. हा तोटा जाणीवपूर्वक ठेवलेला आहे. अदलाबदल विनाखर्च असती तर चारही साधने व्यवहारात एकच झाली असती.

‘एज ऑफ मायथॉलॉजी’ (२००२) मध्ये देवकृपा हे साधन प्रत्येक संस्कृतीला वेगळ्या मार्गाने मिळते. ग्रीकांना मंदिरात प्रार्थना करून, इजिप्तवासीयांना स्मारके बांधून आणि नॉर्स लोकांना युद्ध करून ते प्राप्त होते. एकाच साधनामुळे तीन संस्कृतींची खेळण्याची रीत वेगळी होते.

### आघाडीची चक्रवाढ

उत्पन्नातून उत्पन्न निर्माण होत असल्याने लहानशी आघाडी चक्रवाढ व्याजाप्रमाणे वाढत जाते. सामन्याचा निकाल पाचव्या मिनिटाला ठरला, पण सामना तिसाव्या मिनिटापर्यंत चालला, तर मधली पंचवीस मिनिटे हरणाऱ्याला असह्य आणि जिंकणाऱ्याला कंटाळवाणी होतात. आघाडीला काहीच मोल नसेल तर मात्र आरंभीचा सारा खेळ निरर्थक होतो. या दोन टोकांमध्ये समतोल साधण्यासाठी पुढील उपाय योजले जातात.

* घटता परतावा: ‘स्टारक्राफ्ट २’ (२०१०) मध्ये एका तळापाशी सामान्यतः ८ खनिज-ढिगारे असतात. १६ कामगारांपर्यंत आवक जवळजवळ समप्रमाणात वाढते. त्यापुढे २४ पर्यंत प्रत्येक नव्या कामगाराची भर कमी होत जाते आणि त्यानंतर ती थांबते. अधिक उत्पन्नासाठी नवा तळ हवा आणि नवा तळ म्हणजे रक्षणाची नवी जबाबदारी.
* सैन्यावरील कर: ‘वॉरक्राफ्ट ३’ (२००२) मध्ये सैन्याचा आकार ५० एककांच्या वर गेला की सोन्याची आवक ७० टक्के आणि ८० एककांच्या वर गेला की ४० टक्के उरते. लाकडाला हा नियम लागू नाही. त्यामुळे मोठे सैन्य बाळगून स्वस्थ बसणे परवडत नाही.
* बचावाचा लाभ: हल्लेखोराची कुमक दूरवरून येते, तर बचाव करणाऱ्याची लगेच पोहोचते. ‘टोटल ॲनिहिलेशन’मध्ये नष्ट झालेल्या यंत्रांच्या अवशेषांतून धातू परत मिळवता येतो. फसलेल्या हल्ल्याचे अवशेष बहुधा बचाव करणाऱ्याच्याच दारात पडत असल्याने अविचारी आक्रमणाला दुहेरी शिक्षा होते.
* पुरवठ्याचे मार्ग: ‘कंपनी ऑफ हीरोज’मध्ये प्रदेश मुख्यालयाशी जोडलेला असेल तरच त्याचे उत्पन्न मिळते. मागे पडलेला खेळाडू मधला एखादा प्रदेश तोडून बलाढ्य प्रतिस्पर्ध्याची आवक रोखू शकतो.

### खेळाडूचे अवधान

पडद्यावर न दिसणारे, पण सर्वांत दुर्मीळ असे साधन म्हणजे खेळाडूचे अवधान. कामगारांना काम देणे, गोदामे हलवणे, रसद वाढवणे या कामांना वेळ लागतो आणि तेवढा वेळ लढाईकडे दुर्लक्ष होते. संसाधन व्यवस्था किती स्वयंचलित असावी हा म्हणूनच केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. खेळ कोणते कौशल्य जोखणार, हे त्यावरून ठरते.

मूळ ‘स्टारक्राफ्ट’मध्ये नवा कामगार आपणहून खनिज गोळा करीत नसे. प्रत्येकाला स्वतंत्र आज्ञा द्यावी लागे. ‘स्टारक्राफ्ट २’ मध्ये नवे कामगार थेट कामाला लावण्याची सोय आली. तळाची देखभाल त्यामुळे अती सोपी होईल, ही शंका लक्षात घेता प्रत्येक जमातीला वेळोवेळी हाताने वापरावयाची नवी आर्थिक साधने देण्यात आली. झर्ग राणीने अळ्यांची संख्या वाढवणे आणि मानवांनी तात्पुरते खाण-यंत्र मागवणे, ही त्यांची उदाहरणे होत. एका हाताने कमी केलेले काम दुसऱ्या हाताने परत दिले गेले. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ चा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. आरंभी प्रत्येक शेत हाताने पुन्हा लावावे लागे, २००० सालच्या ‘द कॉंकरर्स’ या विस्तारात गिरणीमध्ये आगाऊ नोंद करण्याची सोय आली आणि २०१९ च्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मध्ये शेते आपोआप पुन्हा लावली जाऊ लागली.

दोन्ही मतांना आधार आहे. देखभालीच्या कामांमुळे नवशिक्या खेळाडूला डावपेचांचा विचार करण्यास फुरसत मिळत नाही. दुसरीकडे, ही कामे पूर्णपणे काढून टाकल्यास लढाई चालू असताना घराकडेही लक्ष ठेवू शकणाऱ्या कसलेल्या खेळाडूचे वैशिष्ट्य उरत नाही. डीपमाइंड या संस्थेने ‘स्टारक्राफ्ट २’ खेळण्यासाठी तयार केलेल्या ‘अल्फास्टार’ या प्रणालीच्या बाबतीतही हा प्रश्न उपस्थित झाला होता. २०१९ मध्ये तिने सर्वोच्च श्रेणी गाठली तेव्हा माणसाशी तुलना न्याय्य व्हावी म्हणून तिच्या कृतींच्या वेगावर मर्यादा घातलेली होती.

### आरंभाची गती

सामन्याच्या आरंभी साधने कमी असल्याने खेळाडूला फारसे काही करता येत नाही. ‘स्टारक्राफ्ट’मध्ये आरंभी ४ कामगार मिळत, ‘स्टारक्राफ्ट २’ मध्ये ६ आणि २०१५ सालच्या ‘लेगसी ऑफ द व्हॉइड’ या भागापासून १२. याच भागात तळापाशी असलेल्या निम्म्या ढिगाऱ्यांतील खनिजही कमी करण्यात आले. परिणामी आरंभीची शांतता आटोपती झाली आणि नवे तळ लवकर घेणे भाग पडू लागले. मात्र अगदी आरंभीच्या मिनिटांत शक्य असलेल्या काही चाली त्यामुळे मागे पडल्या. आरंभीच्या साठ्यातील एक आकडा बदलल्याने संपूर्ण सामन्याची लय कशी बदलते, याचे हे उदाहरण होय.

## वापर म्हणून खर्च

वर उल्लेखिलेल्या बहुतेक खेळांत साधन एकदाच, वस्तू तयार करताना खर्च होते. एकदा तयार झालेला सैनिक पुढे अन्न खात नाही. काही खेळांनी सततचा वापर हे तत्त्व स्वीकारले आहे. ‘स्ट्राँगहोल्ड’ (२००१) मध्ये धान्याच्या कोठारातून प्रजेला अन्न पुरवावे लागते. अन्नाचा तुटवडा आणि जादा कर यांमुळे राजाची लोकप्रियता घटते व लोक गाव सोडून जातात. ‘नॉर्थगार्ड’ (२०१८) मध्ये हिवाळ्यात अन्नाचे उत्पादन घटते आणि सरपणासाठी लाकडाचा वापर वाढतो. त्यामुळे हिवाळ्यापूर्वी साठा करावा लागतो. या पद्धतीत अर्थव्यवस्था कोसळण्याचा धोका शत्रूविनाही उद्भवतो. तिचा दोष असा की, एकदा तुटवडा सुरू झाला की त्यातून सावरणे कठीण जाते.

## भारतीय संदर्भ

‘एज ऑफ एम्पायर्स ३’ च्या ‘द एशियन डायनेस्टीज’ (२००७) या विस्तारात भारतीयांचा स्वतंत्र पक्ष म्हणून समावेश झाला. या पक्षाच्या ग्रामस्थांची किंमत अन्नाऐवजी लाकडात मोजली जाते. त्यामुळे आरंभीच्या अर्थव्यवस्थेची घडी इतर पक्षांपेक्षा निराळी बसते. अन्य पक्षांप्रमाणे गुरे मारून अन्न मिळवण्याची सोय या पक्षाला नाही. त्याऐवजी गाई राखीव कुरणात ठेवून अनुभवगुण मिळवता येतात. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ च्या ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ (२०२२) या विस्तारात बंगाली, द्रविड, गुर्जर आणि हिंदुस्तानी असे चार पक्ष आहेत. त्यांपैकी गुर्जरांना गिरणीत जनावरे ठेवून अन्नाची सततची आवक मिळवता येते. ‘० ए.डी.’ या विनामूल्य व मुक्तस्रोत खेळात मौर्यांचा पक्ष असून तेथेही अन्न, लाकूड, दगड व धातू अशी चार साधने आहेत. त्याची संगणकीय आज्ञावली सर्वांसाठी खुली असल्याने संसाधन व्यवस्थेतील किंमती व दर प्रत्यक्ष पाहता येतात आणि बदलूनही पाहता येतात.

## मर्यादा

या खेळांतील अर्थव्यवस्था वास्तवाचे अनुकरण करीत नाही. कामगाराला मजुरी नसते, तो थकत नाही आणि आज्ञा मोडत नाही. भूमी बहुधा निर्मनुष्य व मालकहीन दाखवली जाते आणि ती प्रथम पोहोचणाऱ्याची होते. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये तोडलेले जंगल पुन्हा उगवत नाही, पण त्याची किंमत सामना संपेपर्यंत कोणालाही मोजावी लागत नाही. या सुलभीकरणांमागे व्यावहारिक कारण आहे. सुमारे अर्ध्या तासाच्या सामन्यात खेळाडूला समजतील व हाताळता येतील एवढेच घटक ठेवावे लागतात. तरीही कोणते घटक ठेवले आणि कोणते गाळले, यातून संपत्ती कशी निर्माण होते याविषयीचे एक चित्र खेळाडूसमोर उभे राहते. विशेषतः ऐतिहासिक विषयांवरील खेळांत ते इतिहासाचे चित्र म्हणून स्वीकारले जाण्याचा संभव असतो. अन्नाचा सततचा वापर, प्रजेची नाराजी किंवा ऋतुचक्र यांना स्थान देणारे खेळ या चित्रात काही प्रमाणात भर घालतात.